मिशी मागायला येणाऱ्या कुंदाताई

तुमच्या घरच्या मांजराची मिशी गळते, तेव्हा ती कुठे जाते?

विचार करा. तुम्ही रोज पेपर वाचता, मतदान करता, महागाईवर बोलता. पण तुमच्याच घरात, तुमच्याच मांजराच्या तोंडावरून गळून पडलेल्या मिशीचं पुढे काय होतं, हे तुम्हाला सांगता येत नाही. मलाही येत नव्हतं. आमच्या भिलाईतल्या रुआबांध्याच्या गल्लीत ते फक्त कुंदाताईंना येत होतं. मिशी सोफ्याखाली सापडते, नाहीतर उशीच्या शिवणीत, नाहीतर तांदळाच्या डब्यामागे. कुंदाताई टॉर्च घेऊन येत, गुडघ्यांवर बसत आणि डोकं पार सोफ्याखाली घालत. मग आतून आवाज येई, "भेटली."

कुंदाताई पन्नाशीच्या. उंच, हाडकुळ्या, पायात पुरुषी चपला, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांचे वडील भिलाई-3 ला रेल्वेच्या यार्डात होते, माणसं मूळची गोंदियाकडची. कुंदाताई शिकत शिकत लांब गेल्या आणि परत आल्या. शहराबाहेरच्या एका संशोधन संस्थेत त्या कंत्राटावर काम करत. लग्न केलं नव्हतं. आईवडील गेल्यावर आमच्या समोरच्या क्वार्टरमध्ये एकट्या भाड्याने राहायला आल्या. आल्यानंतर पहिल्याच आठवड्यात त्यांनी शेजारच्या लताकाकूंची बेल वाजवली आणि विचारलं, "तुमच्या मांजराची मिशी पडली हाये का एखादी?"

लताकाकूंच्या बोक्याचं नाव फोरमन. दिवसभर झोपतो आणि संध्याकाळी सगळीकडे नाक खुपसून जातो, म्हणून लताकाकूंच्या नवऱ्याने, म्हणजे काकांनी, हे नाव ठेवलं होतं. काका पोलादाच्या प्लांटमधून रिटायर झालेले होते, त्यामुळे त्यांना हे नाव ठेवायचा अधिकार होता. लताकाकू गडबडल्या. "मिशी? कावून? औषध करता का?"

"औषध दुसरे लोक करतीन. मले फक्त मिशी पाह्यजे. पन उपटाची नाई. पडलेलीच पाह्यजे."

मिशी सापडली. कुंदाताईंनी ती मऊ कागदात गुंडाळून चष्म्याच्या घरात ठेवली. लताकाकूंनी रीतीप्रमाणे म्हटलं, "बसा, चहा ठेवते." कुंदाताई बसल्या. तासाभराने उठल्या.

पुढे हे सगळ्या गल्लीला सवयीचं झालं. ज्यांच्याकडे मांजर होतं त्यांच्याकडे कुंदाताई जात. ज्यांच्याकडे नव्हतं त्यांच्याकडेही जात, कारण "तुमच्याकडं कोनाचं मांजर येत असन ना." आमच्याकडे मांजर नाही. तरी महिन्यातून एकदा त्या आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली वाकलेल्या दिसत आणि आई पोह्यांना फोडणी देत असे.

आता मिशीचं काय करायचं, हा प्रश्न आलाच. मी तो लगेच विचारला. माझे बाबा युनियनचे. आमच्या घरात पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून मी बाराखडी शिकले. ज्याचा लोकांना उपयोग नाही ते काम संशयास्पद, असं मला लहानपणापासून वाटत आलं आहे. कुंदाताईंनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि समजावलं. त्यांची समजावण्याची पद्धत अशी, की निम्मं समजतं आणि उरलेलं समजल्यासारखं वाटतं.

"पाह्य पोरी. आंगात पेशी असतात. प्रत्येक पेशीले चरबीचं कातडं. त्या कातड्यात एक वॉचमन बसते. बाहेरचा निरोप घेते आन् आत सांगते. जागा सोडत नाई. त्याले रिसेप्टर म्हनतात. प्रथिनाचा बनलेला असते. मी ज्याच्या मागं हावो तो दुखन्याचा निरोप आत पोचवते. त्याचं तोंड कसं हाये, हे कोनाले ठाऊक नाई. तोंड दिसलं तर त्याच्या तोंडाले बसन असं औषध कोनी बनवन. मी नाई. कोनीतरी."

"मग फोटो काढा ना त्याचा."

"एकट्याचा फोटो येत नाई. लय लहान हाये. पन असे करोडो वॉचमन एका रांगेत, एका तोंडानं उभे केले, कवायतीवानी, तर त्याचा स्फटिक होते. त्याच्यातून एक्स-रे सोडला का मांगं ठिपक्याईची रांगोळी उमटते. ठिपक्याईवरून गनित करत करत तोंड काढाचं."

काकाही तिथे होते. ते म्हणाले, "कुंदाबाई, आमच्या गेटवर दोन वॉचमन कधी एका तोंडानं उभे राह्यले नाई. तुमी करोडो म्हनता."

"म्हून तर वर्षं चालली," कुंदाताई म्हणाल्या.

अडचण अशी की हा वॉचमन चरबीत राहणारा. पाण्यात काढला की त्याचा गोळा होतो, फाटलेल्या दुधासारखा. म्हणून त्याच्याभोवती साबणाचं पांघरूण घालायचं, मग त्याला थेंबाथेंबात ठेवायचं, प्रत्येक थेंबात मीठ वेगळं, आंबटपणा वेगळा, आणि वाट पाहायची. कुठल्या थेंबात तो रांगेत उभा राहील, हे आधी सांगता येत नाही. कुठेतरी बारीक कण दिसला तर त्याला मिशीने हलकेच शिवायचं आणि तीच मिशी दुसऱ्या थेंबातून ओढायची. मिशीला चिकटलेल्या कणांभोवती नवा स्फटिक धरतो.

आईला हे पटकन समजलं. "म्हंजे विरजन."

"विरजनच," कुंदाताई म्हणाल्या. "मिशी म्हंजे चमचा."

मांजराची मिशी टोकाला अतिशय बारीक होत जाते, तसं दुसरं सहज मिळत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा त्यांनी घोड्याचा केसही वापरून पाहिला होता. सिविक सेंटरच्या बाजाराजवळून वरात चालली होती. बँड थांबला होता आणि नवरदेव घोडीवर घामाघूम होऊन बसला होता. कुंदाताई मागून गेल्या आणि घोडीच्या शेपटीचा एक केस ओढला. घोडीने जे करायचं ते केलं. नवरदेव पडला नाही, पण त्याचा फेटा बँडवाल्याच्या तुतारीत गेला. नवरदेवाच्या मामाने विचारलं, "मैडम, ये क्या कर रहे हो?" कुंदाताई केस उन्हात धरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "मोटा है. नहीं चलेगा."

साखर, मीठ, तुरटी, जे काही चमकेल ते त्या तपासत. आमच्या घरी सत्यनारायण होता. त्यांनी प्रसादातला खडीसाखरेचा खडा उचलला, पर्समधून जुन्या पोलरॉइड गॉगलच्या दोन काचा काढल्या, एकीवर एक आडवी धरली आणि मधे खडा ठेवून खिडकीकडे पाहिलं. भटजी थांबले. "पाहा," म्हणून त्यांनी काचा भटजींच्या डोळ्यांना लावल्या. खड्यात लाल, निळे, हिरवे रंग उमटले होते. भटजींनी पुढची कथा जरा घाईत संपवली आणि जाताना एक खडा स्वतःसाठी मागून घेतला.

मीठ मात्र त्यांचा शत्रू. त्यांच्या कामात मीठ भरपूर लागतं, आणि प्रथिन रुसून बसलं की थेंबात मिठाचेच स्फटिक धरतात. ते मोठे, धारदार आणि देखणे असतात. पाहणाऱ्याला वाटतं, झालं काम. एका दिवाळीआधी त्यांना असाच स्फटिक दिसला. त्यांनी मला संस्थेत नेलं. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं तर हिऱ्यासारखं काहीतरी झळकत होतं. मी म्हणाले, "ताई, हे तर सुंदर आहे."

"त्याचीच भीती हाये," त्या म्हणाल्या. त्यांनी बारीक सुई घेतली आणि स्फटिकावर दाबली. कट् असा आवाज झाला. तो मला ऐकू आला नाही, पण त्यांच्या बोटांना कळला. "मीठ," त्या म्हणाल्या, आणि डबा उघडून जेवायला बसल्या. भेंडीची भाजी होती. अर्धी मला दिली. "प्रथिनाचा खडा असता तर आवाज नसता आला. त्यात अर्धं पानीच असते. दाबला का मुकाट्यानं ढासळते."

तेव्हापासून त्यांची माणसं ओळखायची पद्धत मला कळली. कुणी फार गुळगुळीत, चटपटीत भेटला की त्या नंतर म्हणत, "मीठ हाये." एका पुढाऱ्याचं भाषण आम्ही दोघींनी मैदानात उभं राहून ऐकलं. मी चिडून त्यातले खोटे मुद्दे मोजत होते. कुंदाताई म्हणाल्या, "कायले मोजतं? सुई लाव ना."

हे सगळं हसण्यासारखं होतं, तोवर हसलो. पण त्या वर्षी त्यांच्या प्रकल्पाची मुदत संपत होती. हिवाळ्यात दुसऱ्या राज्यातल्या एका प्रचंड यंत्रावर त्यांना थोडा वेळ मिळणार होता. तसा तीव्र एक्स-रे त्या यंत्रातूनच निघतो. तोपर्यंत खरा स्फटिक हाती आला नाही तर प्रकल्प बंद, कंत्राट बंद. मग क्वार्टर सोडून नागपूरला भावाकडे जायचं, असं त्या सांगत. सांगताना दुसऱ्याच कुणाची बदली झाल्यासारखं सांगत.

आणि नेमकं तेव्हाच लताकाकूंच्या नातवाला ताप आला. ताप साधा होता. पण आदल्या दिवशी कुंदाताई त्यांच्याकडून फोरमनची मिशी घेऊन गेल्या होत्या. कोपऱ्यावरच्या नळाशी कुणीतरी एक शब्द उच्चारला. टोनही. आमच्या छत्तीसगढमध्ये चेटूक करणाऱ्या बाईला टोनही म्हणतात. हा शब्द ज्या बाईला चिकटतो तिचं काय होतं, हे इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. खेड्यांत मारहाण होते, गाव सोडावं लागतं. याविरुद्ध राज्यात कायदा आहे. पण आमची वस्ती खेडं नाही. इथे इंजिनियर राहतात, मास्तर राहतात. इथे कुणी कुणाला मारत नाही. इथे फक्त दार लावून घेतात.

लताकाकूंनी ते लावलं. त्यांनी तो शब्द स्वतः उच्चारला नव्हता, पण कुंदाताईंची बेल वाजली तेव्हा त्यांनी जाळीच्या आतूनच सांगितलं, "मिशी नाई पडली वो. आजकाल पडतच नाई." दुसऱ्या घरात मांजर विकून टाकल्याचं कळलं, आणि ते मांजर मागच्या भिंतीवर बसून ऐकत होतं. आमच्या घरी आई पोहे करायची थांबली नाही, पण खिडकीचा पडदा ओढून करू लागली. मी आईला दिवसभर बोलले. आई शेवटी एवढंच म्हणाली, "मले ठाऊक हाये ते काई करत नाई. पन लोकाईत राहाचं हाये ना आपल्याले."

मी बसले आणि पत्रक लिहिलं. चांगलं लिहिलं. कायद्याचं कलम घातलं, विज्ञान घातलं, गल्लीतल्या शिकलेल्या लोकांची लाज काढली. ते कुंदाताईंना वाचून दाखवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं.

"भाषा मस्त हाये," त्या म्हणाल्या. "आता हे तू गल्लीत वाटशीन. नळावरची गोष्ट ज्याईले ठाऊक नाई, त्याईलेबी ठाऊक होईन."

"मग काय गप्प बसायचं?"

"तू गप्प बसशीन असं वाटत नाई मले." त्यांनी कागद उलटा केला. "मांगं कोरं हाये. दे इकडं, थेंबाईच्या डब्याईवर चिठ्ठ्या चिकटवाच्या हायेत." आणि त्यांनी कात्रीने माझ्या पत्रकाच्या पट्ट्या केल्या.

मग मी माझ्या परीने लढाई चालवली. भिलाई-3 ला माझी मावशी राहते. तिच्या चाळीत मांजरांची कमतरता नाही. मी दर रविवारी जाऊन मिश्या गोळा केल्या आणि आगपेटीत घालून कुंदाताईंना आणून दिल्या. मला वाटत होतं, गल्लीने दार लावलं तरी काम अडता कामा नये. त्या आगपेटी घेत, उघडून पाहत, म्हणत, "लय झाल्या." एकदा विचारलं, "मावशी बरी हाये का? काय म्हनते? घर कसं हाये तिचं?" मी म्हणाले बरी आहे. त्या थोडं थांबल्या, अजून काही सांगेन म्हणून. मला घाई होती.

थंडीत एका दुपारी त्यांचा फोन आला. "ये. कुरूप काहीतरी दिसून राह्यलं."

मी गेले. थेंबात गव्हाच्या कोंड्यासारखे तुकडे होते, वेडेवाकडे, मळकट. त्यांनी त्यातला एक निवडला आणि सुई टेकवली. तुकडा मुकाट्याने ढासळला. कुंदाताईंनी सुई खाली ठेवली.

"आवाज नाई आला," त्या म्हणाल्या.

उरलेले तुकडे त्यांनी नायलॉनच्या केसाएवढ्या फाशात एकेक करून उचलले आणि द्रवरूप नायट्रोजनमध्ये बुडवले. वाफ उठत होती. मी आनंदाने विचारलं, "ताई, हे कुणाच्या मिशीने झालं? मावशीच्या मांजराच्या?" मला ते लिहायचं होतं. मिशीने जिंकलेली लढाई.

कुंदाताईंनी टेबलाचा खण उघडला. आत एक पाकीट होतं. कंपनीने बनवलेल्या, टोकाला बारीक तंतू बसवलेल्या काड्या. अर्ध्या वापरलेल्या. खाली तशीच आणखी पाकिटं होती.

"याच्यानं झालं," त्या म्हणाल्या.

"आणि मिश्या?"

"मिशीबी चालते. पयले सगळे मिशीच वापरत. पन हे बरं चालते. साफ राहते."

"हे तुमच्याकडे कधीपासून आहे?"

"पयल्यापासून. संस्था देते ना."

मला राग आला. महिनोनमहिने सोफ्याखाली डोकं, घोडीचा केस, नळावरचा तो शब्द, लावलेली दारं. मी म्हणाले, "मग मिश्या मागत कावून फिरल्या, ताई? गरजच नव्हती तर?"

त्यांनी खण बंद केला. चष्मा काढून ओढणीने पुसला. बांधलेली काडी निसटली, ती पुन्हा बांधली.

"मिशी मागाले गेलं का लोक बसा म्हनतात," त्या म्हणाल्या. "रिसेप्टरसाठी कोन बसा म्हनते? घरी कोनी नाई. इथं संस्थेत सगळे हिंदी, इंग्रजी. आपल्या बोलीत बोलाले मानूस लागते ना वं. मांजराचं नाव काढलं का दार उघडते, मंग चहा होते, मंग नातवाचं, सुनेचं, गोंदियाचं. तेवढंच."

मी गप्प बसले. मला हे जमत नाही, पण तेव्हा जमलं.

स्फटिक यंत्रावर गेले. ठिपके उमटले. त्यानंतर गणित, पुन्हा गणित, आणि मग पडद्यावर ते तोंड दिसलं: चरबीच्या कातड्यातून आरपार गेलेले पिळाचे खांब, आणि मधे एक खोल खिसा, जिथे दुखण्याचा निरोप येऊन बसतो. फार स्पष्ट नव्हतं. "घर दिसलं," कुंदाताई म्हणाल्या, "खिडक्याईचे गज अजून नाई दिसले." तेवढ्यावर प्रकल्प वाढवून मिळाला. नागपूरला जायचं टळलं.

त्याच आठवड्यात त्यांनी सिविक सेंटरमधून प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. रिक्षातून उतरवताना मी मदत केली. पुढच्या खोलीत त्या भिंतीला लावून मांडल्या आणि वर त्या वॉचमनचं रंगीत चित्र चिकटवलं. खुर्च्यांवरचं पॉलिथिन अजून निघालेलं नाही. फोरमन मात्र एका खुर्चीवर रोज झोपतो, कारण त्याला नळावरच्या गोष्टी कळत नाहीत. संध्याकाळी लताकाकू त्याला न्यायला येतात. फाटकाबाहेर उभ्या राहून हाक मारतात. परवा मी तिथेच होते.

"फोरमन, चल. ड्यूटी खतम."

"लताताई, या ना आत," कुंदाताई म्हणाल्या. "बसा. चहा ठेवला हाये."

"नाई वो. दूध गॅसवर हाये."

दूध गॅसवर नव्हतं. त्यांच्याकडे दूध सकाळी तापतं, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. लताकाकूंनी फाटकाच्या कडीवर हात ठेवला. आत आल्या नाहीत आणि गेल्याही नाहीत. नातू कसा आहे, असं कुंदाताईंनी विचारलं. बरा आहे, शाळेत जातो, असं त्या म्हणाल्या. कुंदाताई म्हणाल्या, "बरं झालं." बोक्याला काखेत घेऊन लताकाकू निघाल्या, तेव्हा त्यांनी एकदा मागे वळून खुर्च्यांकडे पाहिलं.

मी पत्रक काढणार नाही, असं कुंदाताईंना वचन दिलं आहे. म्हणून हे पत्रक नाही. पण एक मागणी मी केल्याशिवाय राहणार नाही, आणि ती तुमच्याकडे आहे. तुमच्याही गल्लीत एखादी एकटी बाई असेल. एखादा म्हातारा असेल. ते कधीतरी तुमच्या दाराशी येतील आणि काहीतरी विचित्र मागतील. जुनं घड्याळ, रिकामी बाटली, पिवळ्या फुलाचं बी. ती वस्तू तुमच्याकडे आहे की नाही, हे नंतर पाहा. कशाला हवी, हेही नंतर विचारा. आधी दार पूर्ण उघडा, खुर्ची पुढे करा, आणि बसा म्हणा.